पाणी प्यायला उठलेली दोन पोरं

गोष्ट तपासायची माझी एकच रीत होती. माठ वर्गाच्या दाराशी ठेवायचा, गोष्ट वाचायला घ्यायची आणि सुरुवातीलाच सांगून टाकायचं, "ज्याला तहान लागेल त्यानं मला न विचारता उठावं." गोष्ट रंगली असली तर पोरगं घसा कोरडा पडला तरी जागचं हलत नाही. कुठं पाल्हाळ लागला, उपदेश आला, की माठावरचा पेला वाजतो. पेला वाजला की कागदाच्या कडेला त्या ओळीपाशी पेन्सिलीनं एक टिंब द्यायचं. घरी जाऊन त्या टिंबाजवळ काय बिघडलं ते शोधायचं.

चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली. आधी अमडापूर, शेवटची तेरा वर्षं डोणगाव. निवृत्त झालो तरी शनिवारची सकाळची शाळा काही सुटली नाही. मुख्याध्यापिका सुचिताबाई म्हणाल्या, "गुरुजी, तिसरीच्या पोरांना एक तास गोष्ट सांगत जा, तेवढीच आमची कागदपत्रं उरकतात." तेव्हापासून माझा शनिवार ठरलेला.

महनूर माझ्या हाताखाली तिसरीत होती. तिचे वडील वकारभाई म्हणजे आमच्या गावचे पिंजारी. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान आहे. मागं कापूस पिंजायचं यंत्र आणि वर राहतं घर. महनूर शिकली, मास्तरकीची परीक्षा पास झाली, नोकरी काही लागली नाही. दुपारी दुकानात रजया टाचते, संध्याकाळी शिकवण्या घेते. आणि गेली चार वर्षं ती लहान मुलांसाठी गोष्टी लिहिते. प्रत्येक गोष्ट आधी शनिवारच्या वर्गात यायची. वाचायचो मी, म्हणजे पोरांना भीड पडू नये. ती मागच्या कोपऱ्यात पेन्सिल घेऊन बसायची आणि टिंबं द्यायची.

अशा बारा गोष्टी झाल्या. पहिली आणि सगळ्यात लांब गोष्ट होती 'बकरीचं अर्धं तिकीट'. एक बकरी मेहकरच्या बसस्टँडवर लोणारच्या एसटीत चढते, कारण तिनं ऐकलेलं असतं की तिकडं आभाळातून दगड पडून तळं झालंय आणि तिला तो दगड हुंगून पाहायचाय. कंडक्टरला कळत नाही हिला तिकीट कुठलं द्यावं. शेवटी अर्धं देतो, आणि बकरी ते खाऊन टाकते.

पुण्याच्या एका प्रकाशकानं या बारा गोष्टींचं पुस्तक काढायचं ठरवलं, तेव्हा वकारभाईंनी अख्ख्या गल्लीला जिलबी वाटली. मग प्रकाशकाचा फोन आला. एकट्या पुस्तकानं आता भागत नाही, असं ते म्हणाले. लेखकाची ओळख आधी तयार करावी लागते. फोटो हवा, दीड मिनिटाचा व्हिडिओ हवा, आणि मागच्या पानावर लेखिकेविषयी मजकूर हवा. हे काम करणारा माणूस गावी येईल. महिनाअखेरीपर्यंत झालं नाही, तर पुस्तक यंदाच्या यादीतून निघेल.

तो माणूस शुक्रवारी दुपारी आला, आणि मला पाहून वाकून पाया पडला.

"ओळखलं का गुरुजी? भागवत. अमडापूर, चौथी ब."

ओळखलं. सारखा माठापाशी उभा असायचा. माझ्या कितीतरी गोष्टींच्या कडेला त्याचीच टिंबं आहेत. आता पुण्यात त्याचं स्वतःचं ऑफिस होतं. नव्या लेखकांना लोकांपुढं आणायचं काम तो करत होता. बोलणं पुण्याचं झालं होतं, कपडे साधे पण भारी.

आम्ही दुकानात गेलो, आणि भागवतचा चेहरा पडला.

पुण्याहून फोटो काढायला पाहुणा येणार म्हणून वकारभाईंनी दोन दिवस दुकान धुऊन-पुसून लखलखीत केलं होतं. कापसाचा कणसुद्धा कुठं नव्हता. यंत्रावर फुलाफुलांची चादर, चादरीवर फुलदाणी. मागच्या भिंतीवर लाल मखमलीची नवी रजई टांगलेली. आणि तिच्यासमोर खुर्चीवर स्वतः वकारभाई, ईदच्या पांढऱ्या कुर्त्यात, गळ्यापर्यंत गुंड्या लावून, दाढी विंचरून. सगळ्या दुकानात अत्तराचा वास.

"चाचा, कापूस कुठंय?" भागवतनं विचारलं.

"आत भरून ठेवला. उडते ना तो. तुमच्या कॅमेऱ्यात जाईन."

भागवतनं माझ्याकडं पाहिलं. "गुरुजी, हे तर शोरूम झालं." मग वकारभाईंकडं वळून गोड आवाजात म्हणाला, "चाचा, एक विनंती आहे. रोजचे कामाचे कपडे घालता का? आणि मशीन चालू करा. कापूस उडू द्या. तुमच्या डोक्यावर, भुवयांवर बसू द्या. महनूर, तुम्ही आतल्या दारात उभ्या राहा. ओढणी कपाळापर्यंत पुढं. हातात वही, अर्धी लपवलेली. चाचा, तुम्ही तिच्याकडं बघायचं. जरा रागानं."

"रागानं काऊन?"

"म्हणजे, तिनं वाचू-लिहू नये असं तुम्हाला वाटायचं..."

"मले?" वकारभाई हसायला लागले. "अरे बावा, तिनं जोरात वाचावं असं वाटे मले. मशीन चालू असली का ऐकूच नाई येत. दहा वेळा सांगतलं असंन तिले, बेटा, जरा मोठ्यानं."

हे खरं होतं. वकारभाईंना मराठी वाचता येत नाही, पण महनूरनं लिहिलेलं सगळ्यात आधी ऐकतात ते. शनिवारचा वर्ग त्यांच्यानंतर.

भागवतनं मोबाइल काढला. "मी मजकूर लिहून आणलाय. ऐका. 'कापसाच्या धुराळ्यात घुसमटलेलं एक बालपण. घरात पुस्तकाला बंदी. ओढणीआड लपवलेली एक वही. अंधारातून उजेडाकडं झेपावणाऱ्या एका मुलीची ही...'"

"हे कोन आहे?" महनूरनं मधेच विचारलं.

"तुम्ही."

"मले भेटायचं हाय हिले. लय वाईट दिवस काढले बिचारीनं."

मी हसू दाबलं. भागवतनं मात्र ते मनावर घेतलं नाही. त्याला सवय असावी. तो समजावून सांगायला लागला, आणि त्याचं सगळंच चुकीचं होतं असंही नाही. पुस्तकाच्या दुकानात शेकडो पुस्तकं उभी असतात, तो म्हणाला. नव्या लेखकाचं नाव कुणाला माहीत नसतं. गिऱ्हाइकानं हात पुढं करावा तो कशासाठी? बकरी एसटीत बसली म्हणून? लोक आधी माणूस उचलतात, मग त्याचं पुस्तक. "मी खोटं लिहीत नाही. आहे त्याला जरा गडद करतो."

तोवर वकारभाई उठले होते. पाहुण्याचं काम आपल्यामुळं अडू नये, एवढंच त्यांच्या मनात. "ठीक हाय, बदलून येतो. बनियन चालंन ना?" असं म्हणत ते वरची गुंडी काढायला लागले.

"अब्बा, गुंडी लावा."

महनूरचा आवाज मी इतकी वर्षं ऐकतोय, पण हा नव्हता ऐकला. वकारभाईंचा हात तिथंच थांबला.

"भाऊ," ती भागवतला म्हणाली, "माझ्या बापानं फोटोसाठी आयुष्यात दोनदा कपडे घातले. एकदा लग्नात, अन् एकदा आज. आज तुमी ते उतरवायला लावून राह्यले."

"मी तुमच्या भल्यासाठीच..."

"माणूस उचलतात म्हणता ना लोक? मग खरा उचला. हा काय बसला समोर. कुर्त्यातला."

"कुर्त्यातला माणूस कोण बघेल, ताई?" भागवतचा आवाज जरा चढला. "तुम्हाला वाटतं मला हे कळत नाही? पुण्यात पहिल्या वर्षी मी 'मले' म्हटलं की सगळी मेस हसायची. दोन वर्षं मी तोंड उघडलं नाही. मग मीच त्याचा कार्यक्रम केला. स्टेजवर उभा राहून 'मले', 'तुले', 'काऊन बे'. लोक हसून टाळ्या वाजवायला लागले. त्याच्यावर ऑफिस उभं केलंय मी."

"अन् आता म्हणता का 'मले'?"

"कार्यक्रम असला की."

वकारभाईंनी गुंडी पुन्हा लावली आणि चहा सांगायला आत गेले.

मी म्हातारा माणूस, मला भांडण मिटवायची घाई नसते. शिकवताना एक कळलंय, पोरगं अडून बसलं की त्याच्या हातात काहीतरी करायला द्यावं. मी म्हणालो, "भागवत, उद्या शनिवार आहे. तुझा हा मजकूर उद्या वर्गात वाचून दाखव. मग बोलू."

त्याला क्षणभर कळलं नाही. मग तो हसला. "माठ आहे का बे गुरुजी अजून?" म्हणाला आणि आपणच जीभ चावली. "सॉरी गुरुजी."

"नळ आला तरी माठ आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिसरीच्या वर्गात बत्तीस पोरं होती. वकारभाई दुकान बंद ठेवून आले होते. कुर्ता पुन्हा इस्तरी केलेला. सुचिताबाईंनी खुर्ची दिली, तरी ती उचलून ते व्हरांड्यात दाराच्या बाहेरच बसले. मी नेहमीचं वाक्य सांगितलं, आणि भागवत उभा राहिला.

त्याचा आवाज चांगला आहे. कुठं थांबायचं, कुठं हळू व्हायचं, सगळं येतं त्याला. "कापसाच्या धुराळ्यात..." त्यानं सुरू केलं, आणि 'बंदी' शब्दापाशी पूनम उठली. पूनम म्हणजे शिक्षणाधिकाऱ्यांच्या भाषणातही उठणारी पोरगी. पेला वाजला. तिच्यामागं दोघं उठले, मग पाच. 'अंधारातून उजेडाकडं' येईपर्यंत माठापाशी रांग लागली आणि रांगेत ढकलाढकली सुरू झाली. पुढच्या बाकावरच्या एकानं हात वर केला.

"सर, बकरी कधी येते?"

"यात बकरी नाहीये," भागवत म्हणाला.

"मंग काय हाय?"

भागवतनं मोबाइल खिशात टाकला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मला वाईट वाटलं. माझाच विद्यार्थी होता तोही.

मग मी बकरी घेतली. महनूर मागच्या कोपऱ्यात पेन्सिल घेऊन बसली. बकरी एसटीत चढली, कंडक्टरनं तिचं वय विचारलं, तिनं शिंगं दाखवली. अर्धं तिकीट मिळालं, ते तिनं खाल्लं, आणि पुढच्याच थांब्यावर तिकीट तपासनीस चढला. वर्गात चिडीचूप. व्हरांड्यातले वकारभाई ही गोष्ट वीस वेळा ऐकलेले, तरी तपासनीस आला तसे ते खुर्चीच्या टोकाशी सरकले.

पान अकरावर तळ्याची माहिती होती. हजारो वर्षांपूर्वी दगड कसा पडला, पाणी खारट कसं झालं. तिथं पूनम उठली. तिच्याबरोबर तिच्या शेजारचा मुलगाही उठला. पेला दोनदा वाजला. मागं महनूरनं मान खाली घालून दोन टिंबं दिली. दोन्ही पोरं तोंड पुसत पळत परत आली आणि बसायच्या आधीच विचारती झाली, "उतरली का खाली?"

गोष्ट संपल्यावर भागवत महनूरजवळ गेला. "तुमच्याही गोष्टीला उठले."

"हाव. दोघं."

"मग?"

"मग काय. खरं हाय ते."

तिनं वहीचा एक कोरा कागद फाडला, बाकावर ठेवून चार ओळी लिहिल्या आणि त्याच्या हातात दिल्या. मीही वाकून वाचलं. 'या गोष्टी डोणगावच्या तिसरीच्या वर्गानं ऐकल्या. पान अकरावर दोन पोरं पाणी प्यायला उठली. दोघंही परत आली. लेखिका गावातच राहते.'

"मागच्या पानावर हे छापा," ती म्हणाली. "माझी ओळख एवढीच."

"ताई, स्वतःच्या पुस्तकावर असं कुणी छापतं का?"

"विचारून तर पाहा."

"निदान एक फोटो तरी घेऊ द्या. रिकाम्या हातानं गेलो तर माझं काय खरं नाही."

महनूरनं व्हरांड्याकडं बोट केलं. "घ्या की. गुंडी लावलेला घ्या."

भागवतनं वकारभाईंचा फोटो काढला. पाठीमागं शाळेच्या भिंतीवर पाढे होते. काढताना त्यानं काही सुचवलं नाही. वकारभाई जसे बसले होते तसे बसले.

आठ दिवसांनी पुण्याहून प्रकाशकाचा फोन आला. त्यांना चार ओळींचं हसू आलं होतं. भागवतचा मजकूर आणि तसा व्हिडिओ, नाहीतर यादीतून नाव कमी. महनूर चालू फोन हातात धरून माझ्याकडं आली, कारण मी काय म्हणतो ते तिला ऐकायचं होतं. आणि मी कच खाल्ली. मी म्हणालो, "बेटा, एकदा विचार कर. मागचं पान कोण वाचतं? आतल्या गोष्टी तर तुझ्याच आहेत ना. पुणं ते पुणं."

ती म्हणाली, "गुरुजी, पेला वाजला का टिंब द्यायचं, अन् दिलेलं टिंब खोडायचं नाई. हे कोनं शिकवलं मले?"

तिनं फोन कानाला लावला आणि शांतपणे सांगितलं, "वह्या परत पाठवा."

वह्या परत आल्या. त्या पाकिटात वकारभाईंच्या फोटोची मोठी प्रत होती. कुणी घातली ते लिहिलं नव्हतं.

मेहकरला वाहेदचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, उद्घाटनाची पत्रकं, पावतीपुस्तकं. लग्नसराई संपली की त्याची यंत्रं बसून असतात. महनूरची त्याला एकच अट होती, पान अकरा अकरावरच पडलं पाहिजे. त्यापायी वाहेदनं अक्षरं तीनदा लहान-मोठी केली आणि तीनदा कपाळाला हात लावला. मुखपृष्ठासाठी त्यानं पत्रिकांचा उरलेला पिवळा कागद वापरला. त्यावर कोपऱ्यात आधीच छापलेली बारीक सनई होती, ती काही झाकली गेली नाही. मागच्या पानावर त्या चार ओळी, आणि लेखकाचा फोटो असतो त्या जागी कुर्त्यातले वकारभाई. खाली लिहिलेलं, 'पहिले ऐकणारे.'

सनईमुळं एक गंमत झाली. बाजाराच्या दिवशी दुकानाच्या ओट्यावर पुस्तकं मांडली, तर येणारा-जाणारा थांबून विचारायचा, "वकारभाई, लग्न कोनाचं?" पिवळा कागद आणि सनई दिसली की आमच्याकडं माणूस उघडून पाहिल्याशिवाय पुढं जात नाही. कुणाचं नाव राहिलं तर रुसवा होतो. उघडलं की आत बकरी.

बाकीचं काम महनूरनं पायांनी केलं. पिशवीत पुस्तकं घालून एसटीनं शाळाशाळांत जायची. गुरुजींना सांगायची, "एक शनिवार द्या. अन् माठ दाराशी ठेवा." स्वतःविषयी एक शब्द बोलायची नाही. एका बातमीदारानं कापसासकट फोटो मागितला, तर म्हणाली, "फोटो नाई. शनिवारी या, खाली पोरात बसा, तहान लागली तर उठा." तो आला नाही.

मग शाळांतून निरोप यायला लागले. कुणी पोस्टकार्डावर, कुणी मोबाइलवर. 'अमडापूर, पान अकरा, चौघं.' 'पान सोळा, एक, पण तो आधीपासून आजारी होता.' लोणारहून सगळ्यात लांब निरोप आला. तिथं पान अकरावर एकही पोरगं उठलं नव्हतं. उलट सगळे भांडले होते की बकरी त्या वाटेनं खाली उतरूच शकत नाही, लेखिकेनं येऊन वाट बघून जावी. महनूर गेली, वाट बघून आली. दुसऱ्या वेळी छापताना वाट बदलायची असं तिनं ठरवलं. म्हणजे दुसऱ्यांदा छापायचं हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

दिवाळीनंतर एकदा मी दुकानात बसलो होतो. यंत्र चालू होतं, माझ्या टोपीवर कापूस साचलेला. माझ्या मोबाइलवर भागवतनं बोलून पाठवलेला निरोप आला. महनूरनं यंत्र बंद करायला लावलं आणि आम्ही तिघांनी ऐकलं.

"गुरुजी, भागवत बोलतो. वाहेदभाईकून एक पुस्तक मागवलं होतं. माह्या पोरीले वाचून दाखवलं. ती काई उठली नाई, एकदाही. मलेच उठा लागलं. पान तेवीसवर. ते बकरीचा मालक तिले न्यायला चांगले कपडे घालून स्टँडवर येते ना, तिथं. आत जाऊन पाणी प्यालो अन् परत येऊन वाचलं. ताईले सांगा."

मागं पोरगी ओरडत होती, "बाबा, दुसरी गोष्ट."

वकारभाईंनी मोबाइलकडं बघत मान हलवली. महनूरनं पिशवीतून आपली प्रत काढली. तिच्या कडा टिंबांनी भरल्या होत्या. पेन्सिल कानामागं होतीच.

"अगं, तिथं नको देऊस," मी म्हणालो. "तो काही तहानेनं उठला नसेल."

"उठला ना?" ती म्हणाली, आणि तिनं पान तेवीसवर टिंब दिलं.